कोंबडीला औषध चालू आहे, मग तिचं अंडं खायचं की नाही?

सकाळी खुराडं उघडलं की कोंबड्या धडपडत बाहेर पडतात. एक मात्र कोपऱ्यात पंख पाडून, डोळे मिटून बसलेली असते. दाण्याकडे बघत नाही, हुसकावलं तरी दोन पावलं चालून पुन्हा बसते. दुसऱ्या दिवशी तिच्या जोडीला आणखी दोन दिसतात.

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही वाडी-वस्तीवर हे दृश्य नवीन नाही. पुढचा क्रमही ठरलेला असतो. तालुक्याला जाणाऱ्या कुणाकडून तरी दुकानातून पावडर मागवली जाते. ती पाण्यात कालवून सगळ्या कोंबड्यांपुढे ठेवली जाते. आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात चार अंडी सापडतात.

त्या चार अंड्यांचं काय करायचं? घरच्या लेकरांना उकडून द्यायची, आठवडी बाजारात विकायची की फेकून द्यायची?

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर बहुतेक वेळा कुणी विचारतच नाही. दुसरीकडे सोशल मीडियावर ‘अंड्यात कॅन्सरचं औषध सापडलं’ असा एखादा व्हिडिओ फिरला की लोक सरसकट सगळी अंडी बंद करतात. या दोन टोकांच्या मध्ये नेमकं खरं काय आहे, ते समजून घेऊ.

आधी प्रश्न : औषध लागू पडणार आहे का?

अंड्याकडे जाण्याआधी एक पायरी मागे जावं लागतं. कारण परसातल्या कोंबड्यांना दिलं जाणारं बरंचसं औषध मुळात वाया जातं.

गावाकडं कोंबड्यांची ‘मर’ लागते तेव्हा सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते मानमोडीचं. याच आजाराला राणीखेत म्हणतात. कोंबडी मान वाकडी करते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, तोंड उघडून श्वास घेते आणि बघता बघता खुराडं रिकामं होतं. हा आजार विषाणूमुळे होतो. अँटिबायोटिक औषधं जिवाणूंवर काम करतात, विषाणूंवर नाही. म्हणजे मानमोडी झालेल्या कोंबडीला टेट्रासायक्लिनची पावडर पाजली तरी विषाणूला काही फरक पडत नाही. लसूण आणि हळदीनेही पडत नाही. कोंबडीच्या देवी रोगाचंही तेच, तोही विषाणूचाच आजार.

अशा आजारात डॉक्टर कधी कधी अँटिबायोटिक देतात, पण ते कमजोर झालेल्या कोंबडीला दुसरा जिवाणूंचा संसर्ग होऊ नये म्हणून. मूळ आजारावर उपाय म्हणून नाही.

याउलट काही आजारांवर औषध खरोखर चालतं. जिवाणूंमुळे होणारी सर्दी, ज्यात कोंबडीचं तोंड सुजतं आणि नाकातून घाण वास येणारा स्राव येतो. रक्ती हगवण, जी कॉक्सिडिया नावाच्या सूक्ष्म परजीवीमुळे होते. पोटातले जंत. या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. रक्ती हगवणीचं औषध सर्दीला चालत नाही आणि जंताचं औषध हगवणीला.

म्हणून ‘कोंबडीचं औषध द्या’ असं म्हणून दुकानातून जे मिळेल ते आणणं हा दुहेरी तोटा आहे. कोंबडी बरी होईलच असं नाही, आणि अंड्यात औषध मात्र नक्की उतरू शकतं.

अंड्यात औषध शिरतं कसं?

कोंबडी साधारण २४ ते २६ तासांत एक अंडं तयार करते, असं आपण ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे.

त्या २४-२६ तासांत बनतं ते पांढरं आणि कवच. पांढरा भाग साधारण तीन तासांत बलकाभोवती गुंडाळला जातो. कवच चढायला २० तासांच्या आसपास लागतात. पण बलक त्याच्या कितीतरी आधीपासून तयार होत असतो.

कोंबडीच्या अंडाशयात एकाच वेळी लहान-मोठे अनेक बलक असतात, द्राक्षाच्या घडासारखे. त्यातला प्रत्येक बलक अंडं बाहेर येण्याआधीच्या साधारण दहा दिवसांत झपाट्याने वाढतो. त्याला लागणारे स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं यकृतात बनतात आणि रक्तातून बलकात जमा होतात. रोज एक थर, त्यावर दुसऱ्या दिवशी दुसरा.

आता या काळात कोंबडीच्या रक्तात औषध असेल तर? तेही रक्तासोबत तिथं पोहोचतं. काही औषधं पांढऱ्यात जास्त उतरतात, काही बलकात. पांढऱ्यातलं औषध तुलनेनं लवकर कमी होतं, कारण पांढरं रोज नव्याने बनतं. बलकातलं मात्र रेंगाळतं. औषध चालू असताना ज्या बलकावर दोन-तीन थर चढले, तो बलक अंडं बनून बाहेर यायला अजून आठ दिवस असू शकतात. तोवर औषध बंद होऊन आठवडा झालेला असतो आणि कोंबडी ठणठणीत दिसत असते.

म्हणजेच आज हातात घेतलेलं अंडं हे आजचं नसतं. त्यात गेल्या दहा दिवसांचा हिशेब असतो. या सगळ्या विषयाची किल्ली हीच आहे.

मग किती दिवस थांबायचं?

औषधाचा शेवटचा डोस दिल्यापासून अंडी पुन्हा खाण्यायोग्य होईपर्यंतच्या काळाला पशुवैद्यकीय भाषेत ‘विड्रॉवल पिरियड’ म्हणतात. सोप्या मराठीत थांबा काळ.

भारतात याबद्दल नियम आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये २०१२ साली एक तरतूद घालण्यात आली. ज्या जनावरांचं दूध, मांस किंवा अंडी माणूस खातो, त्यांच्या औषधाच्या लेबलवर थांबा काळ छापणं कंपनीला बंधनकारक झालं. आणि तो काळ लेबलवर दिलेला नसेल तर काय, हेही नियमात सांगितलं आहे. अंडी आणि दुधासाठी किमान ७ दिवस. कोंबडी आणि इतर प्राण्यांच्या मांसासाठी किमान २८ दिवस.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या.

पहिली, हे दिवस औषध सुरू केल्यापासून नव्हे तर शेवटच्या डोसपासून मोजायचे. पाच दिवस औषध दिलं आणि थांबा काळ सात दिवसांचा असेल तर एकूण बारा दिवसांची अंडी बाजूला काढावी लागतात.

दुसरी, ‘किमान’ हा शब्द. वर पाहिलं तसं, काही औषधांचे अंश दहा दिवसांनंतरही बलकात सापडू शकतात. त्यामुळे सात दिवस ही प्रत्येक औषधासाठीची हमी नाही. लेबलवर जास्त दिवस लिहिले असतील तर तेवढे पाळायचे. आणि लेबलवर ‘अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी नाही’ असं लिहिलं असेल तर ते औषध त्यांना द्यायचंच नाही.

एन्रोफ्लॉक्सासिनचं उदाहरण घ्या. कोंबड्यांच्या औषधात हे नाव सतत ऐकू येतं. पण युरोपात माणसांसाठी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना ते वापरता येत नाही. अमेरिकेनं तर २००५ मध्ये सगळ्याच कोंबड्यांसाठी ते बंद केलं, कारण त्यामुळे माणसाला जुलाब करणारे जिवाणू या गटातल्या औषधांना दाद देईनासे झाले होते.

दुसऱ्या बाजूला अशीही औषधं आहेत, ज्यांचा अंड्यासाठीचा थांबा काळ काही देशांत शून्य दिवस ठरवलेला आहे. रक्ती हगवणीवरचं अ‍ॅम्प्रोलियम आणि जंतांवरचं फेनबेंडाझोल ही त्यातली दोन. म्हणजे ठरलेल्या डोसमध्ये, अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी मान्यता असलेलं उत्पादन दिलं तर अंडी फेकावी लागत नाहीत. म्हणून ‘औषध’ हा एकच शब्द पुरेसा नाही, कोणतं औषध हे कळायला हवं. आणि हे पशुवैद्यकीय डॉक्टरच सांगू शकतात.

सगळ्यात धोकादायक सवय म्हणजे घरातल्या माणसांच्या औषधातली उरलेली कॅप्सूल फोडून कोंबड्यांच्या पाण्यात टाकणं. त्या पाकिटावर अंड्यांबद्दल काहीच लिहिलेलं नसतं. डोस अंदाजे, थांबा काळ माहीत नाही, आणि औषध कोंबडीला चालतं की नाही हेही माहीत नाही.

कोणती औषधं पूर्णपणे बंद आहेत?

काही औषधांसाठी थांबा काळ हा प्रकारच नाही. ती द्यायचीच नाहीत.

कोलिस्टिन : माणसांच्या गंभीर संसर्गात बाकी अँटिबायोटिक हरल्यावर डॉक्टर ज्या मोजक्या औषधांकडे वळतात, त्यातलं हे एक. केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये कोंबड्या, मासे आणि खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या सगळ्या जनावरांसाठी त्याचं उत्पादन, विक्री आणि वितरण बंद केलं.

क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान : या औषधांच्या अंशाची ‘इतकं चालेल’ अशी सुरक्षित पातळी ठरवता आलेली नाही. खाण्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांमध्ये वापरण्यासाठीची त्यांची सगळी उत्पादनं आरोग्य मंत्रालयानं मार्च २०२५ मध्ये बंद केली.

नायट्रोफ्युरान हे नाव अनेकांनी डिसेंबर २०२५ मध्ये पहिल्यांदा ऐकलं. एका ब्रँडच्या अंड्यात त्याचे अंश सापडल्याचा दावा करणारा व्हिडिओ व्हायरल झाला आणि अंड्यांनी कॅन्सर होतो अशा पोस्ट फिरू लागल्या. त्यानंतर अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, म्हणजे एफएसएसएआयनं, स्पष्टीकरण दिलं. देशातली अंडी खाण्यास सुरक्षित आहेत आणि कोंबड्यांना नायट्रोफ्युरान देण्यास बंदी आहे, असं त्यात म्हटलं होतं.

त्या वादात एका आकड्यावरून बराच गोंधळ झाला. तो आकडा होता किलोमागे १ मायक्रोग्रॅम. अनेकांनी त्याचा अर्थ ‘इतकं औषध वापरायला परवानगी आहे’ असा घेतला. तसं नाही. प्रयोगशाळेतली यंत्रं कुठल्या पातळीपर्यंत खात्रीनं मोजू शकतात, त्यावरून कारवाईसाठी आखलेली ती रेषा आहे. औषध वापरायला परवानगी शून्यच आहे.

उकडल्यावर औषध जातं का?

नाही. इथं दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

अंडं नीट शिजवलं की त्यातले जिवाणू मरतात. साल्मोनेलासारख्या जिवाणूंपासून वाचण्यासाठी बलक घट्ट होईपर्यंत अंडं शिजवा, असं म्हणतात ते यासाठीच. पण औषध हा जिवंत जीव नाही, ते रसायन आहे. उकळत्या पाण्याच्या तापमानाला बरीचशी अँटिबायोटिक पूर्ण नष्ट होत नाहीत. काही थोडी कमी होतात, काही जशीच्या तशी राहतात.

अंडं पाण्यात बुडवून बघण्याची चाचणीही इथं उपयोगाची नाही. तरंगणारं अंडं जुनं असतं, एवढंच त्यातून कळतं. बलकाचा गडद रंगही औषधाबद्दल काही सांगत नाही. तो कोंबडीनं काय खाल्लं यावर ठरतो, हिरवा पाला आणि मका खाल्ला की बलक पिवळाजर्द होतो. औषधाचा अंश डोळ्यांना दिसत नाही, वासाला येत नाही, चवीला लागत नाही. तो फक्त प्रयोगशाळेत कळतो.

असं अंडं चुकून खाल्लं तर?

घाबरण्याचं कारण सहसा नाही. मान्यता असलेल्या औषधांच्या मर्यादा ठरवताना माणूस तो पदार्थ आयुष्यभर रोज खाईल असं धरून, वर आणखी सुरक्षिततेची मोकळीक ठेवून हिशेब केलेला असतो. उदाहरणार्थ, टेट्रासायक्लिन गटातल्या औषधांसाठी अंड्यातली आंतरराष्ट्रीय कोडेक्स मर्यादा किलोमागे ४०० मायक्रोग्रॅम आहे. एखाद-दुसऱ्या अंड्यानं कुणी आजारी पडेल ही शक्यता फार कमी. ज्यांना एखाद्या अँटिबायोटिकची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, त्यांनी मात्र जास्त काळजी घ्यावी.

खरा धोका हळूहळू वाढणारा आहे. गरज नसताना, अपुऱ्या डोसमध्ये, पुन्हा पुन्हा औषध दिलं की कोंबडीच्या पोटातले जिवाणू त्या औषधाला सरावतात. ते विष्ठेतून अंगणात येतात, हाताला लागतात, अंड्याच्या कवचावर बसतात. उद्या घरातल्या लेकराला संसर्ग झाला तर त्याला तेच औषध लागू पडेल याची खात्री राहत नाही. ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यूंना औषधांना न जुमानणारे जिवाणू थेट कारणीभूत होते. त्यात माणसांवरच्या औषधांच्या गैरवापराचा वाटा मोठा आहेच. पण खुराड्यातलं पाण्याचं भांडंही त्याच साखळीतली एक कडी आहे.

पिसवा झाल्या म्हणून कपाशीचं औषध?

अंड्यात फक्त पोटातून दिलेलं औषध उतरतं असं नाही. अंगावर मारलेलंही उतरतं.

२०१७ मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या कोंबडी शेडमध्ये गोचीडवर्गीय किडे मारण्यासाठी एक द्रव फवारला गेला. त्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक मिसळलेलं निघालं. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर ते वापरायला युरोपात मनाई होती. ते कोंबड्यांच्या शरीरातून अंड्यात आलं. लाखो अंडी नष्ट करावी लागली, शेकडो शेड बंद झाल्या आणि त्या अंड्यांचा माग ४० हून अधिक देशांत लागला.

बीडच्या शेतकऱ्याला फिप्रोनिल हे नाव अनोळखी नाही. पिकांवर फवारायच्या कीटकनाशकांत ते असतं. कापूस-ऊस पिकवणाऱ्या घरात फवारणीची अर्धी उरलेली बाटली कोपऱ्यात पडलेली असते. कोंबड्यांना उवा-पिसवा झाल्या की तिच्याकडे हात जाणं साहजिक वाटतं. पण पिकाचं औषध कोंबडीवर मारणं म्हणजे तेच औषध अंड्यातून ताटात घेणं.

त्याऐवजी खुराडं रिकामं करून उन्हात तापवणं, फटी बुजवणं, भिंतीला चुना लावणं आणि कोंबड्यांना राखेत-मातीत लोळायला जागा देणं हे आधी करायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर कोंबड्यांसाठीच असलेलं औषध डॉक्टरांना विचारून वापरायचं.

बारा दिवसांची अंडी फेकायची, पण नुकसान कुणाचं?

नियम सांगणं सोपं आहे. तो पाळताना खिशाला काय बसतं ते बघू.

समजा एका घरी अंड्यावर असलेल्या दहा कोंबड्या आहेत आणि रोज पाच अंडी मिळतात. पाच दिवस औषध आणि सात दिवस थांबा, म्हणजे बारा दिवस. साठ अंडी. एक गावरान अंडं बारा रुपयांना जातं असं धरलं तर ७२० रुपये. औषधाचा खर्च वेगळा.

शहरातल्या वाचकाला ही रक्कम किरकोळ वाटेल. बीडमध्ये ती तशी नाही. हा पावसाच्या भरवशावरचा, वारंवार दुष्काळ सोसणारा जिल्हा. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून लाखो माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मागे म्हातारी माणसं आणि काही घरांत शाळेतली लेकरं राहतात. अशा घरात अंड्याचे पैसे म्हणजे मीठ-मिरची, वहीपेन, एसटीचं तिकीट. आणि न विकलेलं अंडं म्हणजे लेकरांच्या ताटातलं सगळ्यात स्वस्त प्रथिन.

म्हणून थांबा काळ न पाळण्यामागे नेहमी अज्ञानच असतं असं नाही. कधी कधी तो न परवडणारा असतो. आणि त्याचमुळे या प्रश्नाचं सगळ्यात स्वस्त उत्तर औषधाच्या आधीच शोधावं लागतं.

नुकसान कमी कसं करता येईल?

आजारी कोंबडी लगेच वेगळी करा. हा सगळ्यात बिनखर्ची उपाय. एक कोंबडी टोपलीखाली वेगळी ठेवून तिलाच औषध दिलं तर फक्त तिचीच अंडी बाजूला काढावी लागतात. औषध सगळ्यांच्या पाण्यात टाकलं की निरोगी कोंबड्यांची अंडीही बाद होतात. संसर्ग पसरलेला असेल आणि डॉक्टरांनी सगळ्यांना द्यायला सांगितलं तर गोष्ट वेगळी.

भांडं धुवा. औषध संपलं तरी भांड्याच्या तळाशी ते उरतं आणि कोंबड्या तेच पाणी पीत राहतात. थांबा काळ मग संपतच नाही.

तारीख लिहून ठेवा. औषधाचं नाव, पहिला डोस, शेवटचा डोस आणि अंडी कधीपासून चालू करायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर चार शब्द लिहिले तरी पुरे. पाकीट तोवर फेकू नका.

बाद अंडी पुरून टाका. ती शेजाऱ्याला देऊ नका, बाजारात नेऊ नका, कुत्र्या-मांजरालाही घालू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लस. मानमोडीवर औषध नाही, पण लस आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी, असं तिचं सर्वसाधारण वेळापत्रक असतं. म्हणजे तलंग अंड्यावर येण्याच्या बरीच आधी ती टोचून होते.

मग सगळे ती का देत नाहीत? अडचण लशीच्या बाटलीत आहे. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात. ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की काही तासांत वापरून संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? यावर उपाय एकच. वस्तीवरच्या सगळ्यांनी मिळून एक दिवस ठरवायचा, पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी सांगून ठेवायचं आणि पहाटे कोंबड्या सोडण्याआधी सगळ्या खुराड्यांत एकाच फेरीत लस उरकायची. बचत गटाच्या बैठकीत पंधरा मिनिटांत ठरण्यासारखं हे काम आहे.

जनावरांच्या आजाराबद्दल विचारण्यासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांकही आहे.

औषध नाही, थेट फोन कधी करायचा?

एक परिस्थिती अशी आहे जिथं पावडर, थांबा काळ, वेगळी टोपली यातलं काहीच लागू होत नाही.

जानेवारी २०२१ मध्ये पाटोदा तालुक्यातल्या मुगगाव परिसरात कावळे मरून पडले. तपासणीत बर्ड फ्लू असल्याचं स्पष्ट झालं. त्याच दिवसांत शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या मेल्या आणि तिथंही बर्ड फ्लूचंच निदान झालं. मग परिसरातल्या उरलेल्या कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. त्याच्या आधी फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हाही हेच करावं लागलं होतं.

बर्ड फ्लू झालेल्या कोंबडीवर उपचार करत नाहीत. त्यामुळे दोन-तीन दिवसांत अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळसर पडले, तोंड सुजलं किंवा आजूबाजूला कावळे, बगळे मरून पडलेले दिसले, तर औषध शोधत बसू नका. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातानं शिवू नका, उरलेल्या कोंबड्या घाईनं विकू नका आणि ती अंडी खाऊ नका. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

ज्या भागात साथ नाही तिथं मात्र अंडी बंद करायचं कारण नाही. ७० अंश सेल्सिअसला पूर्ण शिजलेल्या अंड्यात हा विषाणू टिकत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

विकत घेणाऱ्यानं काय करायचं?

देशात २०२३-२४ मध्ये सुमारे १४ हजार २७७ कोटी अंडी तयार झाली, म्हणजे माणशी वर्षाला साधारण १०३. यातली प्रत्येक तपासली जाणं शक्य नाही. पण दोन गैरसमज सोडून देणं ग्राहकाच्या हातात आहे.

पहिला, ‘गावरान म्हणजे औषधमुक्त’. परसातल्या कोंबडीलाही औषध दिलं जातं, आणि अनेकदा लेबल न वाचता. दुसरा, ‘फार्मचं म्हणजे विषारी’. चांगल्या फार्मवर लसीकरण वेळेवर होतं, औषधाची नोंद ठेवली जाते आणि थांबा काळ पाळला जातो. वाईट फार्मवर यातलं काहीच होत नाही. फरक गावरान आणि फार्म असा नाही. नोंद ठेवणारा आणि न ठेवणारा असा आहे.

बाजारात ओळखीच्या मावशीकडून अंडी घेत असाल तर ‘मावशी, कोंबड्यांना काही औषध चालू आहे का?’ एवढं विचारायला हरकत नाही. पण त्यांनी ‘हो, चालू आहे, पुढच्या बाजारी देते’ असं खरं सांगितलं तर पुढच्या बाजारी आठवणीनं त्यांच्याकडेच जा. बारा दिवसांचा तोटा सोसून ज्यांनी अंडी विकली नाहीत, त्यांचं गिऱ्हाईक तुटलं तर पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही.

आता पुन्हा त्या चार अंड्यांकडे. औषध कोणतं आहे हे माहीत असेल तर लेबल वाचा आणि तेवढे दिवस थांबा. लेबल काही सांगत नसेल तर शेवटच्या डोसनंतर किमान सात दिवस, आणि डॉक्टरांनी जास्त सांगितले तर तेवढे. औषध कोणतं हेच माहीत नसेल, तर ती अंडी लेकरांच्या ताटात जाता कामा नयेत. आणि पुढच्या वेळी पावडर मागवण्याआधी दवाखान्यात एक फोन करा.